नानांची पहिली जपानी

पिणाऱ्यांच्या टोळक्यात एक न पिणारा असावाच लागतो. गाडी चालवायला तर लागतोच, पण त्याहून जास्त किस्से लक्षात ठेवायला लागतो. बाकीच्यांना दुसऱ्या दिवशी एवढंच आठवतं की काल मजा आली. नक्की काय मजा आली ते विचारायला माझ्याकडे येतात. हिंजवडीजवळच्या जांबे गावातल्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवरचे असे किस्से माझ्याकडे इतके साठलेत की एक सांगायला घेतला की मागचे चार ओळीने उभेच असतात.

आज सांगतोय ते सगळे एकाच बाटलीचे. ऑफिसात हे मी कँटीनमध्ये सांगतो तेव्हा लोक हसतात. मीही हसतो, पण अर्ध्या वाटेपर्यंतच.

मंडळी फार नाहीत. मी परभणीचा, आयुष्यभर लिंबू सरबतावर जगलेला. सुहास नाशिकचा, सॉफ्टवेअरच्या टेस्टिंगमध्ये आहे. म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कामात खोट काढायचा त्याला पगार मिळतो, आणि घरी आल्यावर तेच तो फुकट करतो. प्रशांत साताऱ्याचा, कंपनी त्याला अधूनमधून जपानला पाठवते. आम्ही तिघं वरच्या मजल्यावर भाड्याने. आणि तळमजल्यावर आमचे घरमालक नाना आणि काकू.

*

नाना दर शनिवारी संध्याकाळी गच्चीवर यायचे. टाकी बघायला!

काकूंनी घरात बाटली कधी येऊ दिली नाही. त्यामुळे नानांची क्वार्टर आमच्या खोलीत, आणि त्यांचा स्टीलचा पेला टाकीच्या मागच्या कोनाड्यात. पेल्याला एका बाजूला पोचा आलेला. काचेच्या ग्लासात काय आहे ते चार गच्च्यांवरून दिसतं, स्टीलमधलं कुणाला कळत नाही, असा त्यांचा हिशोब.

पहिल्याच शनिवारी त्यांनी पेल्यात बोट बुडवलं आणि कठड्याबाहेर दोन थेंब उडवले. वारा उलटा होता. थेंब सुहासच्या लॅपटॉपवर पडले. सुहास त्या वेळी कुठलंसं रिलीज वाचवत होता, तो ताडकन उठला.

"आधी जमिनीला द्यावं लागतं," नाना शांतपणे म्हणाले.

सुहास म्हणाला, नाना, हा चौथा मजला आहे, इथं जमीन कुठली?

नानांनी कठड्यापलीकडे हात केला. हिंजवडीच्या बाजूला इमारतींची रांग दिसते, त्यात एक निळ्या काचेची आहे. ती एका जपानी कंपनीची. ती जिथं उभी आहे तिथं नानांचं भाताचं खाचर होतं.

"ती काय तितं. वर काच लावली म्हनून जमीन उठून जाती व्हय?"

सुहासने कीबोर्ड पुसला. पुढच्या शनिवारपासून तो नानांच्या डावीकडे बसायला लागला.

*

प्रशांत जपानहून परत आला होता तेव्हाची गोष्ट. तो तिथल्या गाड्या कशा वेळेवर येतात ते सांगत होता. नाना ऐकत होते, आणि मध्येच त्यांनी विचारलं की त्या लोकांची दारू कशी असते.

प्रशांत म्हणाला, त्यांची व्हिस्की जगात नावाजलेली आहे. नानांना ते नवीन होतं. ते निळ्या काचेकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "आमच्या रानात यिऊन बसल्याला किती वर्सं झाली. आत कदी बोलावलं न्हाई. निदान त्यांच्या हातचं काय तरी प्याय पायजे एकदा. पावन्याच्या घरी पानी तरी घेतुयाच की मानूस."

मागणी एवढीच होती. जपानची व्हिस्की एकदा चाखायची.

प्रशांतने विचारलं, कुठली आणू? नाना म्हणाले, कंचीबी आना.

इथंच हे प्रकरण संपायला हवं होतं. बावधनच्या एखाद्या मोठ्या दुकानात जाऊन जी दिसेल ती आणली असती तर पुढच्या शनिवारी नानांची इच्छा पुरी झाली असती. पण आमच्यात सुहास होता. नाना खाली गेल्यावर तो आम्हाला म्हणाला की युजरला आपल्याला काय हवंय ते कधीच सांगता येत नाही, ते आपण शोधून काढायचं असतं. आणि आम्ही दोघांनी माना डोलावल्या, कारण ऑफिसात आम्हीही दिवसभर तेच करतो.

*

पुढच्या शनिवारी रिक्वायरमेंट मीटिंग झाली. दारूच्या बाटलीसाठी! सुहासने आठवडाभर व्हिडिओ बघितले होते. त्याने नानांना सगळं पहिल्यापासून समजावलं. जपानी लोक हे स्कॉटलंडकडून शिकले, पण त्यांनी ते आपल्या पद्धतीने नाजूक केलं. नवख्या माणसाने साध्या ब्लेंडेडपासून सुरुवात करावी की थेट सिंगल माल्ट घ्यावी, यावर दोन मतं आहेत. सोडा घालून लांब ग्लासात पितात तेही चांगलं लागतं.

नाना शाळेत बसल्यासारखे ऐकत होते. पेला भरलेला तसाच.

मग प्रश्न सुरू झाले. सुहासने विचारलं, धुराचा वास आलेला चालेल का? काही व्हिस्क्यांना तो मुद्दाम देतात.

नाना म्हणाले, जन्मभर भाताचे राब भाजले, पेरणीआधी जमीन भाजताना नाकातोंडात गेला तेवढा धूर पुरे झाला. धुराची बाद.

मग मिझुनारा नावाच्या जपानी लाकडाच्या पिंपात मुरवलेली. तिला चंदनाचा, उदबत्तीचा वास येतो असं सुहासने मोठ्या भक्तिभावाने सांगितलं.

"नगं. देवघरात बसून पेल्यागत वाटंल."

तीही बाद. मग पाणी कुठलं घालायचं यावर गाडी आली. सुहासच्या मते सगळी किमया तिथल्या मऊ पाण्याची असते, तेव्हा आपलं टँकरचं पाणी चालणार नाही. प्रशांत म्हणाला, मुळशी धरणाचं आणू, तालुका आपलाच आहे. त्यावर नाना पहिल्यांदा मोठ्याने हसले. धरणाला नाव आमचं आणि पाणी जातं घाटाखाली कोकणात वीज करायला, असं म्हणून त्यांनी मला विचारलं, "सरबतवाले, तुमी कंच्या पान्यात करता सरबत?"

मी म्हणालो, नळाच्या. नाना म्हणाले, मग तेच घालू. सुहासने ते उत्तर हिशोबात धरलंच नाही.

*

आता जे सांगतो ते ऐकून लोक सगळ्यात जास्त हसतात. मला त्याचंच सगळ्यात वाईट वाटतं.

सुहासने फतवा काढला की नानांची जीभ आधी कोरी करायला हवी. वर्षानुवर्षं त्या क्वार्टरने ती जाड झालीय, तिच्यावर असली नाजूक चीज ओतणं म्हणजे नासाडी. तेव्हा जपानी येईपर्यंत नेहमीची बंद.

मला वाटलं नाना त्याला कठड्यावरून खाली टाकतील. पण नाना म्हणाले, बरं. आमच्या शिक्षणावर त्यांचा भाबडा विश्वास होता. आम्ही कॉम्प्युटरवर बसतो म्हणजे आम्हाला कळतच असणार, असं ते धरून चालायचे.

आणि खरंच बंद केली. शनिवारी वर यायचे, रिकामा पेला घेऊन आमच्यात बसायचे, माझं सरबत त्यात घ्यायचे. बोट बुडवून सरबताचेही दोन थेंब जमिनीला द्यायचे.

तीन-चार आठवडे झाले असतील. एका सकाळी काकू जिना चढून आमच्या दारात आल्या. हातात पुरणपोळ्यांचा डबा. सण ना वार. म्हणाल्या, एवढी वर्षं सांगून सांगून दमले, देवाला नवस बोलले, पण ह्या माणसाने सोडली नाही. तुमच्यासारख्या शिकलेल्या पोरांच्या संगतीत बसायला लागला आणि आपसूक सुटली.

"तुमचं लई उपकार झालं," म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले.

आम्ही तिघं दारात उभे. सुहास काहीतरी बोलणार होता, प्रशांतने त्याच्या पायावर पाय दिला. डबा घेतला. पोळ्या फार सुरेख झाल्या होत्या, आणि दुसरी कुणी घेतली नाही.

*

प्रशांत पुन्हा जपानला गेला तेव्हा काम झाल्यातच जमा होतं. परत येताना विमानतळावरून त्याने व्हिडिओ कॉल लावला. त्याच्यामागे दुकानातलं बाटल्यांचं भलंमोठं कपाट. गच्चीवर मी मोबाईल धरलेला, शेजारी सुहास, आणि नाना धुतलेला पांढरा शर्ट घालून. जपानात दिसणार म्हणून!

सुहासने एकेक बाटली वळवून मागचं लेबल दाखवायला सांगितलं. त्याने कुठेतरी वाचलं होतं की काही बाटल्यांवर जपानी अक्षरं असतात पण आतला माल बाहेरून आणून नुसता तिथं भरलेला असतो. प्रशांतला जपानी वाचता येत नाही. तो मोबाईलने भाषांतर करायला लागला की आमचा कॉल बंद पडायचा. पुन्हा लावायचा. ही घेऊ का? थांब, हिच्याबद्दल लोक वाईट बोलतात. ती घेऊ का? ती नवख्यांसाठी नाही.

नाना मध्ये एकदा म्हणाले, ती निळ्या झाकनाची बरी दिसती. त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

मग विमानाची शेवटची हाक झाली आणि प्रशांत पळाला. घरी आला तो चहाची हिरवी पूड घेऊन. पळता पळता काउंटरवरून उचललेली.

नानांनी त्याला एका शब्दाने बोल लावला नाही. काकूंनी त्या पुडीत आलं, साखर आणि म्हशीचं दूध घालून ती सणसणीत उकळली. नानांनी ती स्टीलच्या पेल्यात घेऊन वर आणली, निळ्या काचेसमोर उभं राहून प्यायली आणि तोंड पुसलं.

"त्यांच्या हातचंच हाय हेबी," म्हणाले. "पर वैरनीचा वास मारतुया."

*

त्याच्या आधी, नानांची नेहमीची अजून चालू असताना, सुहासला कोळवणचा एक माणूस सापडला होता. त्याच्या जुन्या कंपनीतला वरचा साहेब, कोळवणला भातखाचरं घेऊन फार्महाऊस बांधलेलं. त्याच्याकडे जपानी बाटली होती. आम्ही रविवारी जीपने नानांना घेऊन गेलो. मी गाडीला, नाना पुढच्या सीटवर पांढऱ्या शर्टात.

साहेबांनी अगत्य केलं. काचेच्या कपाटातून बाटली काढली, नानांच्या हातात दिली. नानांनी ती दोन्ही हातांनी धरली, शेजारच्या बाळंतिणीने आपलं मूल धरायला दिलं की बाप्ये धरतात तशी. उजेडाकडे करून आतला रंग बघितला. आम्ही सगळे झाकण उघडायची वाट बघतोय, आणि साहेबांनी हसत हसत बाटली परत घेऊन कपाटात ठेवली. ही प्यायची नाही म्हणाले, हिचं बनवणंच बंद झालंय, ठेवली की किंमत वाढते. आम्हाला त्यांनी गार कोकम दिलं.

येताना दोन्ही बाजूंना भात पिवळा पडत आलेला. हा किस्सा आदल्या वर्षीच्या कापणीआधीचा. नाना बाहेर बघत म्हणाले, "पिकला का कापाया लागतोय. उभा ठिवून बघत बसलं तर पाखरं खात्यात."

सुहास मागून म्हणाला, अगदी बरोबर नाना, म्हणूनच आपण घाई न करता नीट बघून घेऊ.

मी आरशातून त्याच्याकडे बघितलं. तो मनापासून बोलत होता.

*

शेवटी बाटली आली. खोटं नाही सांगत, आली! सुहासच्या मावसभावाने आणली, सुहासने स्वतः निवडलेली. ब्लेंडेड, हलकी, धुराची नाही, उदबत्तीची नाही, माल शंभर टक्के तिथलाच. नवख्या माणसाला याहून चांगली सापडणार नाही, असं त्याने कपाळावरचा घाम पुसत सांगितलं. झाकण निळंच होतं.

फक्त ती आली श्रावणात.

नाना वर आले. बाटली बघितली, खोक्यावरून हात फिरवला. "आज?" त्यांनी विचारलं.

सुहास म्हणाला, नाना, एवढी थांबून आणली, आता श्रावणात कशी फोडायची? काकूंना कळलं तर?

"जपानात बी असतोय का श्रावन?"

आम्ही हसलो. नानाही हसले, आणि बाटली सुहासच्या कपाटात गेली. श्रावण संपला तर खाली नानांकडे गणपती बसला. गणपती उठले तर पितृपंधरवडा लागला, त्यात नवं काही सुरू करत नाहीत. ते संपलं की काकूंचे घट. तेव्हा दसरा ठरला. सोनं लुटायचं आणि बाटली उघडायची. दसऱ्यासाठी सुहासने लांब काचेचे ग्लास मागवले, बर्फाचे मोठे चौकोनी साचे मागवले. पितृपंधरवड्यात नाना एकदा जिन्यात भेटले तेव्हा मला म्हणाले की जीभ आता पार कोरी झाली असेल, नाही? मी म्हणालो, हो नाना, आता दसऱ्याला.

घट बसायच्या आदल्या दिवशी नाना दुपारचे जेवून पडले ते उठले नाहीत. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. त्रास काही झाला नाही म्हणतात. आम्ही ऑफिसात होतो. फोन आला तेव्हा सुहास मीटिंगमध्ये होता, आणि मीटिंग सोडून तो पायऱ्यांवर येऊन बसला.

चार महिने आम्ही त्या माणसाला कोरडा ठेवला. त्याच्या आयुष्यातले शेवटचे सगळे शनिवार सरबतावर गेले. हे सांगताना माझं हसू कधीच गेलेलं असतं, आणि समोरच्यांचंही.

*

तेराव्यानंतर सुहासला राहवलं नाही. त्याने खाली जाऊन काकूंना सगळं सांगितलं. जीभ कोरी करायची भानगड, जपानी, श्रावण, दसरा, सगळं. काकूंनी ऐकून घेतलं आणि आत निघून गेल्या. प्रशांत म्हणाला आता खोली सोडावी लागणार.

शनिवार आला. संध्याकाळी आम्ही तिघं गच्चीवर नुसतेच बसलो होतो. आणि जिन्यात पावलं वाजली. आम्ही इथं राहायला आल्यापासून काकू गच्चीवर कधी आल्या नव्हत्या, गुडघ्यांमुळे. त्या दिवशी चारही मजले चढून आल्या. हातात एकात एक घातलेले स्टीलचे तीन पेले.

आम्ही उभे राहिलो. त्या टाकीपाशी गेल्या, मागे हात घातला आणि कोनाड्यातून नानांचा पोचा आलेला पेला बरोब्बर काढला.

"मोटारीचं बटन खाली हाय," म्हणाल्या. "टाकी बघाया वर कशाला याय लागतंय? मला काय ठावं नव्हतं व्हय?"

मग सुहासकडे वळून म्हणाल्या, "ती जपानची आन."

सुहास बाटली घेऊन आला. सवयीने लांब ग्लासही घेऊन आला, आणि सोड्याचं काहीतरी बोलायला लागला. काकूंनी ग्लास त्याच्या हातातून घेऊन कठड्यावर बाजूला ठेवले. निळं झाकण पिळून उघडलं. पदराने नानांचा पेला पुसला, त्यात थोडी ओतली. मग बाकीच्या तिन्हींत. तिसरा कुणाचा ते मला आधी कळलं नाही. मग त्यांनी तो माझ्यापुढे धरला.

मी म्हणालो, काकू, मी घेत नाही.

त्यांनी हात मागे घेतला नाही. मी पेला घेतला.

"चार म्हैनं मला वाटलं देवानं ऐकलं," त्या म्हणाल्या. "रोज दिवा लावत हुते मी. आन ते तुमच्या बाटलीची वाट बगत हुतं."

मग कठड्यापाशी गेल्या. नानांच्या पेल्यात बोट बुडवलं आणि निळ्या काचेच्या दिशेने थेंब उडवले. दोन. पेला तसाच भरलेला कठड्यावर ठेवला आणि आमच्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

प्रशांतने सुहासकडे बघितलं. सुहासने माझ्याकडे. मी पेल्यात.

"प्या आता," काकू म्हणाल्या. "का आजून कुनाला इचारायचं ऱ्हायलंय?"